सकवारबाईंचं पाणी

सकवारबाईंच्या हृदयात काहीतरी बिघडलंय याची पहिली खबर लागली ती त्यांच्या मूत्राशयाला. पिशवीत कोंडलेल्या कोंबडीसारखी छातीत एकदम फडफड सुरू व्हायची आणि पाठोपाठ लघवीला धाव. तीही एकदा जाऊन भागायचं नाही, पुन्हा पुन्हा. मांबळमच्या दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशात बघताना, भाच्याच्या मुंजीत ऐन मातृभोजनाला, मैलापूरच्या देवळात प्रदक्षिणा अर्धी झाली असताना. चेन्नईतल्या कुठल्या दुकानाच्या मागे बाईमाणसाला जाण्यासारखी जागा आहे याचं सकवारबाईंना झालेलं ज्ञान एखाद्या नगरसेवकाला लाजवील असं होतं.

"शिव शिव म्हणायचें माझें वय," त्या सांगायच्या, "आणि मी शू शू म्हणत फिरत्यें."

त्यांचे यजमान सुधींद्रराव विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते हा सगळा फिल्टर कॉफीचा प्रताप होता. सकवारबाई दिवसातून किती कॉफी पितात याचा त्यांनी एक आकडा धरला होता. सकवारबाई त्याच्या अर्धा सांगत, आणि खरा आकडा त्या दोन्हींच्या वर कुठेतरी होता.

कारण खोटं बोलण्यात सकवारबाईंचा हात धरणारं, त्या राहत त्या पेरुंगुडीत तरी, कोणी नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ट्रंक कॉलचा जमाना, हेडफोन कानाला, मांडीवर मासिक, आणि तिकडून कोणी गयावया करत असला की गोड आवाजात सांगायचं, लाइन बिझी आहे. निवृत्तीनंतर ही लाइन घरात बिझी राहू लागली. ब्लडप्रेशरची गोळी घेतली का? घेतली. ती सापडायची कढीपत्त्याच्या कुंडीत. आवक्काय लोणचं सोडलं का? सोडलं. मग ताटाच्या कडेला तेलाची लाल चंद्रकोर कसली? सूर्यग्रहण असेल, त्या म्हणायच्या.

अशा बाईचं डॉक्टरांनी ऐकून घ्यायचं तरी काय? पण ईसीजीला खोटं सांगता येत नाही. हृदयाचे वरचे दोन कप्पे ठोका देण्याऐवजी नुसते थरथरत होते. एट्रियल फिब्रिलेशन. त्यात एक झडपही गळत होती. झडपेसाठी छाती उघडावीच लागणार, तेव्हा त्याच बैठकीत थरथरीचाही बंदोबस्त करू, असं सर्जन म्हणाले. वरच्या कप्प्यांच्या भिंतींवर ठराविक रेषांत डाग द्यायचे, म्हणजे मोकाट सुटलेली वीज भलतीकडे भटकणार नाही आणि नेमून दिलेल्या वाटेनं जाईल.

"मंजे गुरांना डागतात तसें," सकवारबाई म्हणाल्या.

सर्जनना मराठी कळत नव्हतं. त्यांनी मान हलवली.

ऑपरेशन छान झालं. ठोका सरळ पडू लागला. आणि मे महिन्याच्या सुरुवातीला, अग्निनक्षत्र लागलं त्याच सुमारास, सकवारबाई उरोस्थीवर लांब शिवण घेऊन घरी आल्या. अग्निनक्षत्र म्हणजे चेन्नईतला तो काळ, जेव्हा नळाचं गार पाणीही उकळलेलं येतं आणि समुद्रावरचा वारा दुपारपर्यंत रजेवर असतो. नेमक्या त्याच दिवसांत घरी पाठवताना सकवारबाईंना सांगितलं गेलं: दिवसभरात एक लिटर. पाणी, कॉफी, ताक, रसम, सगळं धरून एक लिटर. मीठ कमी. आणि रोज सकाळी वजन.

या सगळ्यावर देखरेखीला तिघं होती. सुधींद्रराव, सून कीर्ती, आणि फोनवरून मुलगा वेंकट. वेंकट होसूरला गाड्यांच्या कारखान्यात होता आणि शनिवार-रविवारीच घरी यायचा. कीर्ती मूळची जालन्याची. शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायची. सासू ऑपरेशनमधून उठेपर्यंत तिनं घरून काम मागून घेतलं होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूचं तंजावरी मराठी ऐकून तिला वाटलं होतं, आपण चुकून एखाद्या बखरीत शिरलो. मग काही दिवसांनी सासू दूधवाल्याला काय म्हणते ते तिला कळलं, आणि बखरींबद्दलचा आदर थोडा कमी झाला.

रोज सकाळी सुधींद्रराव पितळी चोंबूत एक लिटर पाणी मोजून ओतत आणि तो सकवारबाईंच्या उशाशी ठेवत. त्यातून कॉफीचं कापलं जायचं, रसमचं कापलं जायचं.

"अहो, मी माणूस आहें की मनीप्लांट?" पहिल्या दिवशी सकवारबाई म्हणाल्या.

"मनीप्लांटला इस्पितळाचें बिल येत नाहीं," सुधींद्रराव म्हणाले.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी वजनाचा काटा अर्धा किलो पुढे गेला. दुसऱ्या दिवशी आणखी. त्याच्यानंतर आणखी. घोट्यांवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. रात्रीची एक उशी पुरेना, दोन लागायला लागल्या.

सुधींद्ररावांनी चष्मा वर केला. "सकवार, खरें सांग. किती पितेस?"

"चोंबूतलें. तेवढेंच."

"आणि?"

"आणि तुमचें रक्त. पण त्यांत पाणी फार नाहीं."

त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसावा असा त्यांचा पूर्वेतिहास नव्हता. सुधींद्ररावांनी तपास सुरू केला. फ्रिजमधल्या बर्फाच्या खाचा मोजल्या. दही किती लावलं आणि किती उरलं ते पाहिलं. कलिंगड घरात येणं बंद झालं. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या मोठ्या कॅनवर त्यांनी काळ्या पेनानं रेघ मारली, दुपारी निजण्याआधी. चार वाजता उठून पाहिलं तर पाणी रेघेच्या चांगलं बोटभर खाली.

"हें बघ! हें बघ!" ते ओरडले, आर्किमिडीज ओरडला असेल तसे. "दुपारीं निजलों तेव्हां पाणी इथें होतें!"

"मी उठलेंच नाहीं," सकवारबाई पलंगावरून म्हणाल्या.

"मग काय देव्हाऱ्यांतला पिल्लैयार गणपती येऊन प्यायला?"

"त्याला दूध लागतें."

कीर्तीनंही विचारून पाहिलं. ती ऑफिसात ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात, म्हणजे उत्तर माहीत असून. "अम्मा, रागावणार नाही मी. एवढं कडक ऊन आहे, तहान लागतेच. पण आम्हाला खरं कळलं पाहिजे ना?"

सकवारबाईंनी तिच्याकडे बघितलं. नेहमी अशा वेळी त्यांच्या डोळ्यांत एक मिस्कील चमक यायची, खोटं तयार होत असल्याची. ती आज नव्हती.

"कीर्ती, मी पाणी चोरलें नाहीं."

"बरं," कीर्ती म्हणाली. तो 'बरं' इतका गुळगुळीत होता की सकवारबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

त्या संध्याकाळी सुधींद्ररावांनी तिरुवल्लिक्केणीला मेहुणीला फोन लावला. सईबाई सकवारबाईंची मोठी बहीण. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि ऐकू आलेलं त्या दुसऱ्या कानात कधीच साठवत नसत. लगेच पुढे पाठवत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चेन्नईतल्या अर्ध्या तंजावरी मराठी घरांत बातमी पोचली होती की सकवार ऑपरेशन होऊनही सुधारली नाही, चोरून पाणी पिते, तेही लोट्यांनी. विल्लिवाक्कमहून एका चुलतजावेचा फोन आला. तिनं विचारलं, "कॅनला तोंड लावून पिता म्हणें, खरें?"

सकवारबाईंनी फोन ठेवला आणि त्या रडायला लागल्या. सत्तरीला टेकलेली, घरातल्या प्रत्येकाला आयुष्यभर पुरून उरलेली ती बाई उशीत तोंड खुपसून रडली, आणि शिवण दुखते म्हणून मध्येच थांबून, उशी छातीशी धरून पुन्हा रडली. सुधींद्रराव दारात उभे राहून बघत होते. "रडूं नकोस," ते शेवटी म्हणाले, "घशाला कोरड पडेल आणि पुन्हां पाणी मागशील."

कीर्तीला हे सगळं असह्य झालं. भावनेपेक्षा धंद्याचा स्वभाव म्हणा. तिला पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी तिनं आपला जुना मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर मिक्सरच्या मागे उभा केला, कॅन दिसेल असा, रेकॉर्डिंग चालू करून. सासूला सांगितलं नाही. सासऱ्यांनाही नाही. दुपारची जेवणं झाली, पडदे ओढले, पंखे फिरायला लागले. घर निजलं. कीर्ती आपल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. तिथे बसूनही तिला थोडी लाज वाटत होती. आजारी बाईवर आपण कॅमेरा लावला.

संध्याकाळी तिनं दार लावून ते रेकॉर्डिंग पुढे पळवत पाहिलं. रिकामं स्वयंपाकघर. रिकामं स्वयंपाकघर. मग दारातून कोणीतरी आत आलं.

सुधींद्रराव होते. बनियन आणि कमरेला वेष्टी, पाय मांजरासारखे. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत मैसूरपाक. त्यांनी एक वडी खाल्ली, उभ्या उभ्या, डोळे मिटून. मग दुसरी. तिसऱ्या वडीला त्यांनी थोडा विचार केला आणि मग तीही खाल्ली. पिशवी तांदळात परत पुरली, वर हात फिरवून तांदूळ सारखे केले. आणि मग, एवढं गोड खाल्ल्यावर कोणालाही लागते तशी तहान लागून, त्यांनी कॅनची तोटी उघडली आणि ते एकापाठोपाठ एक तीन लोटे पाणी प्यायले.

सुधींद्ररावांना वीस वर्षं डायबिटीस होता.

कीर्ती खुर्चीत मागे टेकून हसत सुटली, तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खाऊन तहान लागणारा हाच माणूस, पाणी पिणारा हाच, आणि रेघेखाली गेलेलं पाणी बघून बायकोला चोर म्हणणाराही हाच. त्यात ढोंग नव्हतं. वडी तेवढी त्यांना आठवत होती, पाणी प्यायल्याचं त्यांच्या लक्षातही राहत नव्हतं.

मग तिचं हसू एकदम थांबलं. बाकीचं सगळं रेकॉर्डिंग रिकामं होतं. सकवारबाई एकदाही स्वयंपाकघरात आल्या नव्हत्या. चोंबूत पाणी अजून शिल्लक होतं. आणि सकाळी काटा पुन्हा पुढे गेला होता. न पिता वजन वाढत होतं, पाय सुजत होते, आणि घरातली सगळी माणसं कॅन राखत बसली होती.

ती सासूच्या खोलीत गेली. सकवारबाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेत होत्या.

"अम्मा, आडवं झाल्यावर दम लागतो?"

"लागतो."

"कधीपासून?"

"सांगून काय होणार?" सकवारबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणणार, पाणी पिलीस."

कीर्तीनं टॅक्सी बोलावली.

इस्पितळात त्यांना डॉक्टर अलमेलूंनी तपासलं. अलमेलू हृदयरोगतज्ज्ञ, पन्नाशीच्या, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि वाक्यं अशी भरभर टाकायच्या की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. त्यांनी मानेची शीर पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला, घोट्यावर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं.

"पाणी किती पितात?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

सुधींद्रराव पुढे सरसावले. "डॉक्टर, हीच तर अडचण आहे. ही ऐकत—"

"एक लिटर," कीर्ती मध्येच म्हणाली. "त्याच्या वर एक थेंब नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

सुधींद्ररावांनी सुनेकडे पाहिलं. सकवारबाईंनीही पाहिलं.

"मला वाटलंच होतं," डॉक्टर म्हणाल्या. "या ऑपरेशननंतर होतं असं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही? बहुतेक सांगितलं असेल, पण घरी जायच्या दिवशी कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही." त्यांनी टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय उचललं आणि अंगठ्यानं वरच्या बाजूला दाखवलं. "हे बघा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना दोन कान असतात. ही अशी लहान पिशवी, कुत्र्याच्या पिल्लाच्या कानासारखी. थरथरत्या हृदयात या कानात रक्त साचतं, गोठतं, आणि गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून सर्जननं कान कापून टाकले."

"नाक राहिलें, नशीब," सकवारबाई पुटपुटल्या.

"पण हे कान रिकामटेकडे नसतात. हृदय ताणलं गेलं की वरच्या कप्प्यांतून, आणि या कानांतून तर विशेष, एक हार्मोन निघतं. ते मूत्रपिंडाला निरोप देतं, की पाणी जास्त झालंय, सोड. पूर्वी धडधड सुरू झाली की यांना सारखं बाथरूमला जावं लागायचं का?"

सुधींद्रराव आणि कीर्ती दोघांनीही एकदम होकार दिला. सकवारबाई छताकडे बघत होत्या.

"तेच ते. तेव्हा निरोप फार जात होते. आता कान गेले, बाकीच्या भिंतींना डाग दिलेत, त्या अजून बऱ्या व्हायच्यात. निरोप जवळजवळ बंद. त्यात एवढं मोठं ऑपरेशन झालं म्हणून शरीर घाबरलेलं, त्याची दुसरी हार्मोन्स ओरडतायत की मीठ सोडू नका, पाणी सोडू नका. म्हणून एक लिटर प्यायलं तरी त्यातलं बरंचसं आतच राहतं. पाय, पोट, फुप्फुसं, जागा मिळेल तिथे. यात यांची काही चूक नाही."

सकवारबाईंनी छतावरची नजर खाली आणली.

"पुन्हां बोला," सकवारबाई तमिळमध्ये म्हणाल्या.

"काय?"

"शेवटचें वाक्य. या माणसाकडे बघून बोला."

डॉक्टर अलमेलूंनी सुधींद्ररावांकडे बघितलं. लग्नं त्यांनी बरीच पाहिली असावीत. "यात यांची काही चूक नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "वजन वाढलं तेव्हा चोर शोधण्याऐवजी मला फोन करायचा होता. आणखी उशीर झाला असता तर फुप्फुसं भरली असती."

सकवारबाईंना ठेवून घेतलं. शिरेतून इंजेक्शन दिलं आणि त्यानंतर जे सुरू झालं त्याला त्यांनीच पुढे 'चेंबरंबाक्कम धरणाचे दरवाजे' असं नाव दिलं. नर्स भांडं बदलून दमली. दुसऱ्या दिवशी घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली, आणि सकवारबाई आडव्या होऊन झोपल्या, एका उशीवर, तोंड उघडं टाकून.

उठल्या तेव्हा कीर्ती शेजारी लॅपटॉप मिटून बसली होती.

"अम्मा, मला माफ करा," ती म्हणाली. "मी तुमच्यावर कॅमेरा लावला होता." आणि तिनं सगळं सांगितलं. मैसूरपाकापर्यंत आल्यावर सकवारबाईंना हसू आवरेना. त्या शिवणीवर उशी दाबून, आई गं, आई गं करत हसल्या.

"पण एक विचारू?" कीर्ती म्हणाली. "तुम्ही आजवर कुठल्याही डॉक्टरचं ऐकलं नाहीत. मग यावेळी का ऐकलंत? तेही इतकं तंतोतंत?"

सकवारबाईंनी शिवणीवरची उशी सारखी केली. खिडकीबाहेर गिंडीच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती.

"त्या आयसीयूंत घशांतली नळी काढली ना," त्या म्हणाल्या, "मी पाणी मागितलें. नर्स म्हणाली, आत्तां नाहीं. मग कापूस ओला करून ओठांवर फिरवला. एवढाच. त्या एका थेंबासाठीं मी काय काय दिलें असतें सांगूं? तुझ्या नवऱ्याला दिलें असतें." त्यांनी सुनेच्या हातावर थोपटलं. "तेव्हां मी फार भ्यालें, कीर्ती. मेल्यें असतें तर कोणाला काय, पण मला जायचें नव्हतें. तेव्हां ठरवलें, इथून बाहेर पडल्यें तर एकदां तरी शहाण्यासारखें वागून बघायचें. वागल्यें. तर हें फळ!"

"तुम्ही आम्हाला हे सांगितलं असतंत तर..."

"तुम्ही म्हणाला असतां, काय छान थाप मारली म्हातारीनें."

आणि कीर्ती खरंच तसं म्हणाली असती.

सुधींद्रराव संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या हातात इडलीचा डबा होता आणि चेहऱ्यावर गुन्हेगाराचे भाव. सुनेनं त्यांना रेकॉर्डिंग दाखवलं नव्हतं, फक्त "तांदळाचा डबा मी साफ केला, बाबा," एवढं म्हणाली होती. ते पुरलं होतं.

"सकवार," ते म्हणाले, "चुकलें माझें."

"मला काय सांगतां? सईला सांगा. विल्लिवाक्कमला सांगा. जिथें जिथें माझी अब्रू नेलीत तिथें तिथें जाऊन परत घेऊन या."

"बरी हो, मग घरीं जाऊन—"

"आत्तां. स्पीकर लावा."

सुधींद्ररावांनी फोन लावला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"सईबाई, मी सुधींद्र. ऐका. सकवारनें पाणी चोरलें नाहीं. ती खरें बोलत होती."

"काय चोरलें?" सईबाईंचा आवाज वॉर्डभर घुमला.

"कांहीं चोरलें नाहीं! डॉक्टरांनीं हृदयाचे कान कापले, म्हणून पाणी आंत सांठलें!"

"कान कापले? कोणाचे? चोरी केली म्हणून कान कापले?"

"अहो, हृदयाचे! हृदयाला कान असतात!"

तिकडून सईबाई म्हणाल्या, "सुधींद्रराव, तुमची साखर तपासली कां आज?"

सकवारबाईंनी हात पुढे करून फोन घेतला. "तपासणार आहेत, अक्का," त्या म्हणाल्या. "उद्यां सकाळीं, उपाशीं पोटीं. मीच सांगितलें डॉक्टरला."

साखर तपासली. ती जी निघाली ती पाहून डॉक्टर अलमेलूंनी सुधींद्ररावांना जे ऐकवलं ते सकवारबाईंनी घरी आल्यावर तीन फोनांवर जसंच्या तसं सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यात भर घातली नाही. गरज नव्हती.

पुढचे महिने गोळ्यांवर गेले. एक गोळी पाणी सोडायला लावणारी, एक मीठ साठवणाऱ्या हार्मोनला आवर घालणारी, एक रक्त पातळ ठेवणारी. शहाळं, केळं बंद, कारण त्या मधल्या गोळीनं अंगात पोटॅशियम साठतं. सकवारबाईंनी गोळ्यांना नावं ठेवली होती. ती इथे सांगण्यासारखी नाहीत. वजनाचा काटा हळूहळू खाली आला आणि एका जागी थांबला. वेंकट होसूरहून आला की आईच्या पायाला हात लावायच्या निमित्तानं घोट्यावर बोट दाबून बघायचा. खड्डा पडत नव्हता. "नमस्कार करतोस की आंबे पिकले कां पाहतोस?" त्या विचारायच्या.

ऑगस्टमध्ये डॉक्टर अलमेलूंनी पुन्हा सगळं तपासलं. ठोका सरळ होता. पाणी साठत नव्हतं. हृदयाच्या उरलेल्या भिंतींनी निरोपाचं काम बऱ्यापैकी हातात घेतलं असावं, असं त्या म्हणाल्या. पाण्याच्या दोन्ही गोळ्या थांबवल्या. तहान लागेल तसं प्या, फक्त मीठ जपा.

"आणि चालायला जाता ना रोज? मी सांगितलं होतं, निदान अर्धा तास."

"रोज," सकवारबाई म्हणाल्या. "सकाळीं. अपार्टमेंटच्या बागेंत. चाफ्याच्या झाडाला वळसा घालून."

पेरुंगुडीच्या त्या अपार्टमेंटला बाग नव्हती. चाफा तर नव्हताच. टँकर उभा राहायची जागा होती आणि तिथे एक कुत्रं झोपायचं.

डॉक्टरांनी कीर्तीकडे पाहिलं. "खरं का?"

सुधींद्ररावांनी घसा साफ केला. कीर्तीनं त्यांच्या पायावर हलकेच पाय ठेवला.

"हो डॉक्टर," ती म्हणाली. "रोज."

तिघं बाहेर आली. लिफ्टपाशी गर्दी होती. व्हीलचेअर, नातेवाईक, कोणाचे तरी एक्स-रे. सुधींद्रराव रांगेत जाऊन उभे राहिले. सकवारबाई उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी कीर्तीचा दंड धरला आणि तिला जिन्याकडे वळवलं.

"अम्मा, लिफ्ट इकडे आहे."

"माझी थाप माझ्या डोक्यावर. मला संवय आहे," सकवारबाई म्हणाल्या. "पण तूं माझ्यासाठीं बोललीस. तुझी थाप खरी करायला नको? आजपासून चालायचें. चल, आधीं खालीं उतरूं, मग गेटपर्यंत, मग बघूं."

"बाहेर ऊन बघा किती आहे."

"असूं दे. पाणी प्यायची परवानगी आहे मला." त्यांनी कठड्याला हात घातला, पदर खोचला, आणि सुधींद्ररावांना हाक मारून सांगितलं, "अहो, तुम्हीही या! तुमचीही साखर आहे!"

सुधींद्ररावांनी लिफ्टच्या उघडलेल्या दाराकडे एकदा हताशपणे पाहिलं, आणि मग ते रांग सोडून जिन्याकडे आले.